विदादला दृष्ट लागली

माझ्या धाकट्या जावेला डॉक्टरीणबाईंनी औषध म्हणून नाच सांगितला, तेव्हा सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्यानं हसले ती मी.

आता तुम्हीच सांगा, कैरोत, त्यातही आमच्या शुब्रात, पोटाचा नाच कुणी शिकायला जातं का? आम्ही पोरी तो आईच्या मागं मागं स्वयंपाकघरात शिकतो. कांदा परतता परतता आई कंबर हलवते, तिचा झगा धरून आपण हलवतो, झालं शिक्षण. आणि ही विदाद, चाळिशीला टेकलेली बाई, कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानाच्या वर बायकांचं जिम आहे तिथं जाऊन शिकणार. शिकवणारी कोण, तर लूदा नावाची गोरी. रशियन की कुठली, आमच्याकडे नाचणाऱ्या गोऱ्या सगळ्या रशियनच.

"आपलीच मुलुखियाची भाजी आपल्यालाच वाढायला परदेशातून बाई आणलीय," मी सासूबाईंना म्हणाले.

सासूबाई हज करून आल्यापासून सगळे त्यांना हाज्जा म्हणतात, आम्ही सुनासुद्धा. त्या भेंडी चिरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "जाऊ दे तिला," म्हणाल्या. "निदान जिना तरी उतरेल."

ते खरं होतं. आमची इमारत म्हणजे सगळं घरच. दुसऱ्यावर हाज्जा, तिसऱ्यावर मी, चौथ्यावर विदाद आणि माझा दीर. दोन वर्षं विदाद जिना उतरली नव्हती म्हटलं तरी चालेल. तिचं दुसरं मूलही पोटातच गेलं, आणि त्या दिवसापासून तिनं खिडक्यांच्या फळ्या लावून घेतल्या. काळा, तंबूएवढा झगा घालून पलंगावर पडून राहायची. मी वर डबा नेऊन द्यायचे. म्हणजे मी वाईट बाई नाही, हे आधीच सांगून ठेवते. भरली वांगी करून नेलीत तिच्यासाठी, कैकदा. ती म्हणायची, "ताई, ठेव तिथं," आणि भिंतीकडे तोंड करायची. मला तिची कीव यायची. आणि कीव करायला बरं वाटतं, हेही खरं.

तिला कुणी उम्म अमकी, उम्म तमकी म्हणत नाही. मला गल्लीत सगळे उम्म रीहाम म्हणतात, रीहामची आई. विदाद नुसतीच विदाद.

आणि मी नुसती रीहामची आई नाही. मला माझं स्वतःचं नाव आहे, नगात. आमच्या घराण्यात लग्नाच्या आदल्या रात्री, मेंदीच्या रात्री, बायकांचा नाच असतो. पुरुषाची सावलीही नसते त्या खोलीत. तिथं नवरी उठते, आपली ओढणी काढते आणि ज्या बाईनं नाच उघडायचा तिच्या कमरेला बांधते. एकदा ओढणी बांधली की ती बाई नाही म्हणू शकत नाही, आणि ती उतरेपर्यंत दुसरी कुणी उठत नाही. मी या घरात सून म्हणून आले त्या वर्षापासून प्रत्येक नवरीनं ती ओढणी माझ्याच कमरेला बांधली आहे. नणंदांनी, चुलत नणंदांनी, शेजारच्या कॉप्टिक ख्रिश्चन मुलीनंसुद्धा. मी उठले की बायका खुर्च्या मागं सरकवतात. नवऱ्याचं दुकान बुडालं, गुडघे दुखायला लागले, केस पांढरे झाले, पण ती ओढणी माझी होती. त्या खोलीत माझ्याकडे बघताना बायकांच्या तोंडातला घास तोंडात राहतो, आणि मी तो बघते. मला तेवढंच हवं असतं.

विदाद तेव्हा कोपऱ्यात बसायची, मांडीवर द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्यांची ताटली घेऊन. तोंड भरलेलं असायचं तरी म्हणायची, "माशाल्ला, नगातताई, माशाल्ला." कुणाचं काही चांगलं दिसलं की आमच्यात हे म्हणतातच, नाहीतर नजर लागते. देवानं दिलंय, देवच राखो, असा त्याचा अर्थ. बाळ गोंडस दिसलं की म्हणायचं, नवा सोफा आला की म्हणायचं. न म्हणणारीकडे सगळ्या वळून बघतात.

तर रीहामचं लग्न ठरलं होतं. माझ्या लेकीचं. तिच्या मेंदीच्या रात्री मी नाचणार, आणि असं नाचणार की शुब्रा वर्षभर बोलेल, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

विदादचा तो क्लास एकदा डोळ्यांनी बघावा म्हणून मी गेले. खरं सांगायचं तर हसायला गेले. दाराला जाड पडदा, आत पंधरा-वीस बायका. एक फार्मसीवाली, दोन शाळामास्तरणी, एक म्हातारी जिला चालताना काठी लागते. आणि भिंतभर आरसा, पण त्यावर चादरी टाकलेल्या. फुलाफुलांच्या, अगदी पलंगावरच्या.

"हे काय, कुणी गेलं का?" मी विचारलं. मयताच्या घरी आरसे झाकायची आमच्या आजीची पद्धत होती.

लूदानं हसून माझा हात धरला. तिची अरबी मोडकी, पण निगरगट्टपणे बोलायची. "इथं बघायचं नाही, उम्म रीहाम. इथं वाटून घ्यायचं. डोळे मिटा. हात पोटावर ठेवा. पोटाला सांगा, मी इथंच आहे."

मी पोटाला काय सांगायचं ते सांगितलं असतं, पण विदाद शेजारी उभी होती. तिनं डोळे मिटले, दोन्ही तळवे पोटावर ठेवले. ते पोट, जिथं दोन लेकरं थांबली नाहीत. आंघोळीलाही ती त्याच्याकडे बघत नाही, असं माझा दीर एकदा हाज्जाला म्हणाला होता. गाणं सुरू झालं, साधंच, तबल्याचं. विदाद हलू लागली. अगदी थोडीशी. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती. शेजारची काठीवाली म्हातारीही हलत होती, जागच्या जागी, आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

मी म्हटलं, यांना नाच म्हणजे काय ते दाखवावं. मी मध्ये गेले आणि नाचले. कंबर सोडली, खांदे सोडले, मान फेकली. गाणं संपलं. मी बघितलं तर सगळ्यांचे डोळे अजून मिटलेलेच.

लूदानं मात्र बघितलं होतं. "सुंदर," ती म्हणाली. "पण कुणासाठी नाचलात? इथं कुणीच नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुठल्या कुठून आलेली ही, आणि मला विचारते. मी चपला घातल्या आणि चालू लागले. जिना उतरताना विदाद मागून आली, घामानं चिंब, गाल लाल. "ताई, तू परत येशील ना? मला फार बरं वाटलं तू शेजारी होतीस तर."

"मला काय आजार झालाय?" मी म्हणाले.

त्यानंतर जे सुरू झालं ते मला रोज बघावं लागलं. आधी चौथ्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. मग विदाद जिन्यातून गुणगुणत जायला लागली. मग काळा तंबू गेला आणि डाळिंबी रंगाचा झगा आला, कमरेशी चिमटलेला. बारीक झाली म्हणाल तर नाही, होती तेवढीच रुंद होती. पण चालताना ती ते सगळं सोबत घेऊन चालायला लागली, आधी कशी कुणाचं तरी ओझं उचलल्यासारखी चालायची. भाजीवाला तिला पुदिना जास्तीचा घालायला लागला. माझा दीर संध्याकाळी दुकानातून लवकर येऊ लागला. रात्री वरून हसण्याचा आवाज यायचा आणि माझा नवरा पेपर खाली करून म्हणायचा, "छान वाटतं नाही ऐकायला?" छान. मी पातेलं इतक्या जोरात आपटलं की खालून हाज्जानं काठीनं छत वाजवलं.

मी स्वतःला सांगत होते, बाई गं, तुला लेक आहे, तिला कुणी नाही. तू कशाला जळतेस? पण जळत होते. झोपेत जळत होते.

आणि मग कळलं की रीहामही तिच्याबरोबर जाते. माझी लेक, जी घरात कधी नाचली नाही. लहान असताना नाचायची, मी तिला सांगायचे, पोट आत घे, कोपर खाली, बदकासारखी चालू नकोस. शिकवायलाच सांगायचे ना? बारा वर्षांची झाल्यावर तिनं बंदच केलं. आणि आता काकूबरोबर, चादर टाकलेल्या आरशासमोर, नाचते म्हणे.

मी तिला धरलं. "तुला शिकायचं होतं तर मी मेले होते का?"

"शिकायचं नव्हतंच मला, आई." ती लग्नाच्या कपड्यांना इस्त्री करत होती. "नाचायचं होतं."

"त्यात फरक काय?"

तिनं इस्त्री उभी केली. मग ते बोलली, जे तिनं बरेच दिवस साठवलं असणार. "आई, मेंदीच्या रात्री ओढणी मी विदादकाकूला बांधणार आहे."

मला आधी वाटलं चेष्टा करतेय. मग तिच्या तोंडाकडे बघितलं. "माझ्या मुलीच्या मेंदीला दुसरीच कुणी नाच उघडणार?"

"दुसरी कुणी नाही, काकू आहे. ती दोन वर्षं अंधारात होती, आई. तुला आजवर सगळ्यांनी बांधली. तिला एकदा कुणीतरी बांधू दे ना."

"ती पडेल तिथं. हसतील बायका."

"हसू देत. ती पण हसेल."

मी त्या दिवशी जेवले नाही. माझ्याच पोटची पोर, आणि तिच्या हातची ओढणी दुसरीच्या कमरेला. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "एक ओढणी ना ती?" पुरुषांना काय सांगायचं.

मेंदीला आठवडा राहिला होता. आम्ही सगळ्या हाज्जाच्या घरी जमलो होतो, पाहुण्यांसाठी द्राक्षाची पानं गुंडाळायला. हाज्जा, मी, रीहाम, विदाद, आणि शेजारची उम्म हसन, जिच्या कानाला आणि जिभेला कधी सुट्टी नसते. मध्ये मोठी परात भरून भाताचं सारण. रेडिओवर गाणं लागलं. उम्म हसन म्हणाली, "विदाद, ऐकलंय तू म्हणे शाळेत जातेस. दाखव तरी काय शिकवलं."

विदाद आधी लाजली. मग उठली. बोटांना तांदूळ चिकटलेले, हात तसेच वर धरून ती नाचायला लागली.

आता मी जे बघितलं ते सांगते, आणि नाचातलं मला कळतं. तिचे हात चुकत होते. पाय एका जागी नव्हते. वळताना ती कपाटाला धडकली. पण तिचं पोट, ते मोठं, मऊ पोट, डाळिंबी कापडाखाली असं निवांत हलत होतं, जसं काही ते घरी परत आलंय. तिला आम्ही दिसतच नव्हतो. कुणाच्या तोंडातला घास तोंडात राहिलाय का, हे तिनं एकदाही बघितलं नाही. माझ्या हातातलं पान फाटलं. मी आयुष्यभर नाचले, पण अशी एकदाही नाचले नाही. एकदाही नाही. आणि हिला न मागता ते मिळालं.

गाणं संपलं आणि माझ्या तोंडातून निघालं, "विदाद, काय सुंदर दिसलीस गं तू."

आणि मी थांबले. तेवढंच म्हणाले.

रेडिओवर कसलीशी जाहिरात लागली होती. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, उरलेला शब्द येईल म्हणून. तो माझ्या जिभेवर होता. आजवर हजारदा म्हटलाय, खोटा खोटा सुद्धा म्हटलाय, शेजारणीच्या भिकार पडद्यांना म्हटलाय. त्या दिवशी आलाच नाही. हाज्जानं घाईघाईनं तीनदा माशाल्ला म्हटलं आणि नजर अडवायला हाताची पाचही बोटं ताणून विदादसमोर धरली. उम्म हसन परातीकडे बघू लागली. मी नवं पान घेतलं आणि गुंडाळायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विदाद चौथ्या मजल्यावरून खाली येताना माझ्या दारासमोरच पडली. माझ्याच दारासमोर, लक्षात घ्या. धप्प आवाज आला, मी दार उघडलं, ती पायरीवर बसलेली, घोटा टम्म सुजलेला. हाड मोडलं नव्हतं, पण डॉक्टरनं पट्ट्या गुंडाळून महिनाभर पाय टेकायचा नाही म्हणून सांगितलं.

दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं होतं. उम्म हसननं काम चोख केलं. मी ब्रेड आणायला गेले तर बेकरीसमोरच्या रांगेत एक बाई आपलं बाळ ओढणीखाली घेऊन बाजूला सरकली. भाजीवाल्यानं माझ्याकडे न बघता पिशवी भरली. रीहाम माझ्याशी एक शब्द बोलली नाही. फक्त संध्याकाळी, चहाचा कप ठेवताना म्हणाली, "आता ओढणी तुला बांधू? झालं समाधान?"

आणि तुम्हाला खरं सांगू? दार उघडून विदादला पायरीवर बसलेली बघितलं त्या पहिल्या क्षणाला माझ्या मनात काय आलं? की आता ओढणी माझी. दुसऱ्या क्षणाला माझे हातपाय गार पडले. कारण माझाही त्यावर विश्वास आहे. मीही याच गल्लीत वाढलेय. मला माहीत होतं की ते मी केलं.

रात्री हाज्जानं सगळ्यांना खाली बोलावलं. विदादला दिरानं उचलून आणलं आणि सोफ्यावर निजवलं, पाय उशीवर. मग तो बाहेर गेला, हे बायकांचं काम. हाज्जानं वर्तमानपत्राच्या कागदाची बाहुली कापली, हातपायवाली, आणि एक सुई घेतली. ज्यांची ज्यांची नजर लागली असेल त्यांचं नाव घ्यायचं, बाहुलीला सुईनं टोचायचं, आणि शेवटी बाहुली धुपाटण्यात जाळायची. निखाऱ्यावर मीठ आणि तुरटी आधीच तडतडत होती. धुपाटणं धरायला हाज्जानं मला सांगितलं. मुद्दाम सांगितलं असेल, त्यांच्या मनातलं कुणाला कळतं.

"इस्त्रीवालीच्या नजरेतून," हाज्जा म्हणाल्या आणि टोचलं. "फार्मसीवालीच्या नजरेतून. त्या गोरीच्या नजरेतून. उम्म हसनच्या नजरेतून."

"माझ्या कशाला?" उम्म हसन म्हणाली.

"गप बस. माझ्या स्वतःच्या नजरेतून." टोचलं. मेलेल्या माणसांचीसुद्धा नावं घेतली. बाहुलीची चाळण झाली. मग त्यांना नावं सुचेनाशी झाली. सुई हवेत राहिली. रीहाम माझ्याकडे बघत होती, उम्म हसन माझ्याकडे बघत होती. मी निखाऱ्यावर अजून चिमूटभर मीठ टाकलं.

हाज्जानं माझं नाव घेतलं असतं तर मी त्या घरात परत तोंड दाखवू शकले नसते. ते त्यांनाही माहीत होतं.

तेव्हा सोफ्यावरून विदाद म्हणाली, "नगातताईचं राहिलं, हाज्जा."

मी धुपाटणं दोन्ही हातांनी धरलं.

"घ्या ना तिचं नाव," विदाद म्हणाली. आवाज काही वेगळाच होता. मी मान वर करून बघितलं तर ती हसत होती. डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. "पण टोचू नका. आणि जाळू तर मुळीच नका. द्या ती बाहुली मला."

"वेडी झालीस का?" हाज्जा म्हणाल्या.

"अहो हाज्जा, माझ्या लग्नात तुम्ही माझी दृष्ट काढायला निघालात, तेव्हा या उम्म हसननं काय म्हटलं होतं आठवतंय? म्हणाली, कशाला तुरटी वाया घालवता, हिच्याकडे कोण बघतंय." उम्म हसननं ओढणी तोंडावर घेतली. "खरंच होतं ते. मला जन्मात कुणाची नजर लागली नाही. लागण्यासारखं होतं काय माझ्याजवळ? रूप नाही, लेकरू नाही. आणि आता नगातताईची लागली. नगातची, हाज्जा. जिच्यासारखी कंबर अख्ख्या शुब्रात नाही तिची. तिला माझं काहीतरी हवंसं वाटलं." ती उताणी पडूनच हसायला लागली, पोट हलेपर्यंत. "पायाचं काय, पाय बरा होईल."

तिनं हाज्जाच्या हातून बाहुली ओढून घेतली आणि झग्याच्या गळ्यातून छातीशी सारली, जसे आम्ही पैसे ठेवतो तशी. रीहाम हसली. मग हाज्जाही हसल्या, मग मेली उम्म हसनसुद्धा. मी एकटी धुपाटणं धरून उभी. माझा जीव वाचला होता आणि मला तिचा गळा दाबावासा वाटत होता. माझा मत्सर, एवढा मी मनात जपलेला, पोसलेला, तोही तिनं घेतला आणि दागिन्यासारखा घातला.

मेंदीच्या रात्री रीहाम उठली, तिनं गुलाबी ओढणी काढली, आणि खुर्चीवर बसलेल्या विदादच्या कमरेला बांधली. पट्ट्या गुंडाळलेला पाय स्टुलावर. ढोलकीवालीनं ठेका धरला. विदाद बसल्या बसल्या नाचली. खांदे, हात, आणि ते पोट. क्लासमधली काठीवाली म्हातारीही आली होती, ती शेजारच्या खुर्चीवर तशीच नाचू लागली. मग रीत बाजूला ठेवून रीहाम त्यांच्यामध्ये गेली आणि नाचली. माझी लेक, पोट आत न घेता, कोपरं कुठंही. मी तिला कोपराचं काही बोलले नाही. बायकांनी जिभा हलवून असे आनंदाचे चीत्कार काढले की खालच्या चहावाल्यालाही ऐकू गेले असतील.

मग विदादनं ओढणी सोडली आणि माझ्याकडे धरली. "आता तू, ताई."

मी घेतली. का नाही घेणार? मी नाचले. गुडघे विसरले, पन्नाशी विसरले. इतकी चांगली मी आधी कधी नाचले नसेन. बायकांनी खुर्च्या मागं सरकवल्या, घास तोंडात राहिले, सगळं झालं. पण मी फक्त एकीच्याच चेहऱ्याकडे बघत होते. एकदा तरी तिचे डोळे बारीक व्हावेत. एकदा तरी तिच्या पोटात दुखावं. तिला माझ्याकडून जे मिळालं ते मला तिच्याकडून एकदा मिळावं, एवढंच मागत होते मी.

विदाद मांडीवर ताटली घेऊन बसली होती. तोंडात द्राक्षाची गुंडाळी. टाळ्या वाजवत, सगळ्यात मोठ्यानं ओरडत होती, "माशाल्ला, नगातताई, माशाल्ला." मनापासून. आजवर दरवेळी म्हणत आली तसंच, मनापासून. तिला माझा हेवा कधी वाटलाच नव्हता. मी नाचता नाचता रडले, आणि सगळ्यांना वाटलं, मुलगी जाणार म्हणून आई रडतेय.

रीहाम सासरी गेली. घर ओकंबोकं झालं. महिन्यानं विदादचा पाय सुटला आणि ती क्लासला निघाली, तेव्हा मी माझ्या दारात चपला घालून उभी होते. जिना उतरताना तिनं माझा दंड धरला. पायासाठी, असं ती म्हणाली.

आता मी आठवड्यातून दोनदा जाते. चादर टाकलेल्या आरशासमोर तिच्या शेजारी उभी राहते. लूदा म्हणते, डोळे मिटा, हात पोटावर ठेवा. सगळ्या डोळे मिटतात. मी एक उघडा ठेवते. मला त्याशिवाय जमत नाही.

परवा ठेका सुरू झाला आणि विदाद मिटल्या डोळ्यांनीच हळूच म्हणाली, "बघतेयस ना, ताई?"

"बघतेय," मी म्हणाले.

"माशाल्ला म्हणालीस?"

"नाही."

"मग बघ," ती म्हणाली, आणि नाचायला लागली.